एक हलकासा वायसर

आमच्या कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर, गच्चीतल्या टाकीत पाणी चढवणारा एक पंप बसवलेला होता आणि तो सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात चालत असे. त्या वेळात नियमाने चालणारी कार्यालयातली ती एकमेव गोष्ट होती.

पंप चार बोल्टांवर उभा होता. तीन बोल्टांखाली रबरी वायसर होता, चौथ्याखाली नव्हता. वायसर म्हणजे मधे भोक असलेली रबराची ती चकती, नळ गळायला लागला की प्लंबर जी बदलतो आणि आपण 'एवढंच होतं होय?' म्हणतो ती. एक चकती कमी असल्यामुळे पंपाची थरथर भिंतीत उतरायची, भिंत घुमायची, आणि त्या भिंतीला खेटून असलेल्या दुकानात सूरकाका डोक्याला हात लावून बसायचे.

सूरकाका पियानो सुरात लावून देत. चाळीस वर्षं गावातलं उतरलेलं प्रत्येक वाद्य त्यांच्याकडे येत होतं किंवा ते वाद्याकडे जात होते. खिशात पोलादाचा एक नादकाटा असायचा. गुडघ्यावर आपटला की तो एकच सूर द्यायचा, आणि काका म्हणायचे की या गावात कधीही शब्द न फिरवणारी तेवढी एकच वस्तू आहे.

मी त्या कार्यालयात आवक-जावक लिपिक होतो. येणारा प्रत्येक कागद माझ्या हातून आत जायचा आणि त्यातला एखादा, आयुष्य शिल्लक असलं तर, माझ्याच हातून बाहेर यायचा. एके दिवशी काका माझ्या खिडकीशी आले.

"तुमचा पंप गातो," ते म्हणाले.

"पंपाला तशी परवानगी नाही," मी म्हणालो. "लेखी द्या."

"अहो, ऐका तर! माझा काटा देतो त्या पांढरी सहाच्या सुराहून केसभर खाली गातो तो. आणि भिंत त्याला साथ देते. मी काटा आपटतो, पण कानात पंप बसलेला. तीन वर्षांत मी दुकानात लावलेलं एकेक वाद्य केसभर उतरलंय. सगळं गाव तुमच्या पंपाच्या सुरात लागत चाललंय, साहेब!"

"मी साहेब नव्हे. साहेब आत असतात."

"मग त्यांच्या कानावर घाला. संगीतगृहातला मोठा पियानो चाळीस वर्षं मी लावतोय. पण आता दिवसभर दुकानात बसून पंपाने भरलेला कान घेऊनच तिथे जातो. गेल्या वर्षी कार्यक्रमानंतर बाहेरगावचे पाहुणे वादक काय म्हणाले माहितीये? 'काका, आता वय झालं.' मला! या वर्षीही उतरला तर समिती दुसरा माणूस आणणार. चार महिने आहेत. एक हलकासा वायसर लागेल फक्त. चार मिनिटांचं काम."

चार महिने आणि चार मिनिटं यांतला फरक कार्यालयात कुणालाच नीटसा माहीत नव्हता. तरीही काकांचा चेहरा पाहून मी त्याच दिवशी टिपणी लिहिली. एवढी घाई मी नोकरीत दोनदाच केली आणि दोन्ही वेळा अक्षर घसरलं. टिपणी अशी होती: 'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार एक हलकासा वायसर लागेल. साहेबांच्या कानावर घालावे.'

साहेबांनी सवयीप्रमाणे न वाचता 'पाहिले' असं लिहिलं आणि कागद भांडारात गेला. आमच्या भांडारपाल बाई शुद्धलेखनाच्या फार कडक. माझ्या अक्षरात स, र आणि ल हे एकमेकांकडे जाऊन-येऊन असतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान्य वस्तूंची छापील यादी काढली. तीत 'वायर' होती, 'वारनिश' होतं आणि दोघांच्या मधे 'वायरलेस' होतं. 'वायसर' नव्हता. जे यादीत नाही ते जगात असण्याचं काही कारण नाही, म्हणून बाईंनी माझी चूक दुरुस्त केली आणि वाक्य पुन्हा वाचलं. आता ते अगदी स्वच्छ लागलं. एक हलकासा वायरलेस लागेल, तो साहेबांच्या कानावर घालावा.

तीन आठवड्यांनी खोकं आलं.

"बाई, हे काय आहे?" मी विचारलं.

"तुमचीच मागणी. वायरलेस हेडफोन. किती प्रकार पाहिले म्हणून सांगू! सगळ्यात हलका हाच."

"बाई, तो वायसर होता हो. रबराचा. पंपाखालचा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग 'कानावर घालावे' का लिहिलंत? पंपाला कान असतात?"

मी खोक्यातले हेडफोन मोजले. "आणि बारा कशाला? साहेबांना कान दोनच."

"डझनाच्या आत भांडार काही आणत नाही. हे नियम मी केलेले नाहीत. शुद्धलेखन तेवढं मी सुधारलं. आभार मानायची गरज नाही."

इथे मी चूक कबूल करायला हवी होती, असं एखाद्या तरुण वाचकाला वाटेल. त्याला एवढंच सांगतो की चूक कबूल केली तर ती चूक राहते आणि पुढे चालू ठेवली तर तिला योजना म्हणतात. मी योजनेच्या बाजूने उभा राहिलो.

नेमके तेव्हाच काका खिडकीत आले. "माझा वायसर?"

"मागवलं," मी म्हणालो. मी खोटं बोलत नाही.

"आलं?"

"बारा आलेत."

"बारा!" काकांना गहिवरून आलं. "अहो, एक पुरला असता! उगाच लोक तुमच्या कार्यालयाला नावं ठेवतात." त्यांनी खोक्यात हात घातला आणि एक हेडफोन बाहेर काढला. मग बोल्टात बसवून पाहावं तसा त्यांनी तो फिरवून पाहिला. "हा कुठल्या पंपाचा?"

"हा साहेबांच्या कानावर जाणार आहे."

"आणि पंपाचं?"

"एकदा साहेबांच्या कानावर घातलं, की त्यातूनच ऐकू येईल त्यांना," मी म्हणालो. कधीकधी माझं मलाच कौतुक वाटतं.

पण साहेब सावध गृहस्थ. हेडफोन समोर ठेवल्यावर ते खुर्चीत मागे सरकले. "माझ्या कानावर आजवर थेट काही आलेलं नाही," ते म्हणाले. "प्रत्येक गोष्ट खाली तपासून, गाळून, निववून मगच येते. हेही तसंच येईल. तीस दिवस दैनंदिन कामगिरीचं मूल्यमापन करा. प्रपत्र तयार करा. सर्व उत्तरं होय किंवा नाही अशीच घ्या. मत नको."

प्रपत्रात सतरा रकाने झाले. पहिला वजनाचा. हेडफोन टपालाच्या काट्यावर ठेवला, तर काटा हललाच नाही. टपालाचा काटा तीन वर्षं कशानेच हलत नव्हता हा भाग वेगळा. पण अधिकृत काटा तोच असल्यामुळे वजनाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं गेलं. लगेच बाईंनी हरकत घेतली, की ज्या वस्तूचं वजन निरंक ती भांडारात शिल्लक आहे असं कसं म्हणायचं? शेवटी खोक्यासकट वजन करायचं ठरलं आणि हेडफोन हलका आहे याची खात्री पटावी म्हणून त्याच्यावर दगडी पेपरवेट ठेवला गेला.

दुसरा रकाना: 'दीर्घ वापरानंतर यंत्र डोक्यावर असल्याची जाणीव होते काय?' उत्तर 'नाही' आलं तर यंत्र उत्तम. पण जाणीवच होत नसेल, तर ते डोक्यावर होतं हे वापरणाऱ्याने कशाच्या आधारावर लिहायचं? म्हणून प्रत्येक वापरणाऱ्यामागे एक साक्षीदार नेमला गेला. तो दर अर्ध्या तासाने 'आहे' असं म्हणे. वापरणाऱ्याच्या कानावर हेडफोन असल्याने ते त्याला ऐकू जात नसे, म्हणून साक्षीदार खुणेने सांगे. अशा रीतीने निम्मं कार्यालय हेडफोन घालून बसलं आणि निम्मं कार्यालय त्यांच्या डोक्याकडे बघत बसलं. त्या महिन्यात हजेरी शंभर टक्के होती.

'वाकताना यंत्र पडते काय' या चाचणीसाठी प्रत्येकाला साहेबांच्या टेबलासमोरून नेण्यात आलं. एकाचंही पडलं नाही. हे यंत्राचं श्रेय की सरावाचं, यावर थोडा वाद झाला.

मूल्यमापन मोडलं ते दूरध्वनीच्या रकान्यावर. साहेबांनी आदल्या दिवशी कुणाचं लक्ष नाही असं पाहून एक हेडफोन हळूच आपल्या मोबाइलला जोडून बघितला होता, आणि पुन्हा खोक्यात टाकला होता. दुसऱ्या दिवशी नेमका तोच बाईंच्या डोक्यावर गेला. बाई रजिस्टर लिहीत होत्या. आत साहेबांचा मोबाइल वाजला, साहेबांनी उचलून कानाला लावला, 'हॅलो, हॅलो' केलं, काही ऐकू येईना. ऐकू येत होतं ते बाहेर बाईंना.

"एवढ्यांदा सांगितलं, निघताना गिझर बंद करा," आवाज म्हणाला. "ऐकताय का? की तिथल्यासारखं नुसतं 'पाहिले' लिहिताय?"

बाईंची नोकरी तीस वर्षांची. आवाज चढला की काय म्हणायचं हे त्यांच्या जिभेला पाठ. "हो वहिनी," त्या म्हणाल्या. "साहेब बैठकीत आहेत."

पलीकडचा आवाज आणखी चढला. "कोण बोलतंय? हा यांचा मोबाइल आहे ना?"

"मी त्यांच्या कानातून बोलतेय," बाईंनी खरं ते सांगितलं.

पुढचे दोन दिवस साहेब रजेवर होते. आल्यावर त्यांनी आदेश काढला, की कर्मचाऱ्यांचे कान या कामासाठी पुरेसे तटस्थ नाहीत. बाहेरचा एखादा तज्ज्ञ कान नेमावा. गावात तज्ज्ञ कान म्हणावेत असे दोनच होते आणि ते दोन्ही सूरकाकांना होते.

आदेश घेऊन मी स्वतः दुकानात गेलो. पंप चालू होता. खरं सांगतो, तिथे उभं राहिल्यावर माझे दात घुमायला लागले. काका एका उघड्या पियानोत डोकं घालून तार पिळत होते, ऐकत होते, पुन्हा पिळत होते. काकू शेजारी स्टुलावर बसून त्यांना हत्यारं देत होत्या.

"तीस दिवस हा हेडफोन घालून बघायचा आणि प्रपत्र भरायचं," मी म्हणालो. "त्यानंतरच्या बैठकीत साहेब वायसरचा विषय घेणार आहेत."

"कुठेही सही करू नका," काकू त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या. "पंप परवडला. तो सहाला बंद होतो. कागद कधी बंद होत नाही."

"अगं, वायसर मिळतोय."

"अख्ख्या आयुष्यात तुम्हाला पियानोचं खोटं कळलं. माणसाचं एकदा तरी कळलंय का?"

"यांच्याकडे बघ तरी," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हे खोटं बोलणारे वाटतात का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या. "हे त्याहून वाईट. हे खरं बोलून काम करतात."

काकांनी मूल्यमापन केलं ते पाहण्यासारखं होतं. आम्ही महिनाभर एकमेकांच्या डोक्याकडे बघितलं होतं. काका यंत्राकडे बघत होते. त्यांनी एका कानाचा आवाज दुसऱ्याशी ताडून पाहिला. चालताना, जिना चढताना, जांभई देताना काय होतं ते लिहून ठेवलं. चार्ज किती तास पुरतो, संपत आल्यावर सूर बसतो का, घाम आला की कानामागे चावतं का, सगळं. एका वहीत चौतीस पानं भरली. सार असं, की वस्तू चांगली आहे, हलकी आहे, घातल्याचं खरंच विसरायला होतं, आणि बाहेरचा आवाज पार बंद होतो. पंपसुद्धा. "पण एक आहे," ते मला म्हणाले. "पंप जातो, तशी तारही जाते. माझं कामच ऐकू येत नाही. हे घालून मी पियानो लावू शकत नाही. आवाज बंद करणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. हे लिहू कुठे?"

"मताला रकाना नाही. होय किंवा नाही."

"आणि हा शेवटचा, शेऱ्याचा?"

"तो कार्यालयीन उपयोगासाठी."

"मग अकराव्यात काय लिहू? 'यंत्र वापरात असताना परिसरातील आवाज ऐकू येतो काय?'"

"खरं ते लिहा, काका," मी म्हणालो. "कागदावर खरं लिहिलं की काम होतं." हे मी का म्हणालो, मला अजून कळलेलं नाही. असं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी लिहिलं, 'नाही'. खाली ठसठशीत सही केली.

आठ दिवसांनी माझ्याच हातून पत्र बाहेर पडलं. 'आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, परिसरातील आवाज ऐकू येत नाही असे आपण स्वतःच्या सहीनिशी प्रपत्राच्या रकाना क्रमांक अकरामध्ये नमूद केले आहे. सबब तक्रारीचे कारण उरलेले नसल्याने ती निकाली काढण्यात येत आहे. आपण केलेल्या सहकार्याबद्दल आभार.' सोबत सहकार्याची खूण म्हणून एक हेडफोन.

पत्र वाचून काकांनी ते घडी घालून काकूंच्या हातात दिलं. काकू बोलल्या. त्या जे बोलल्या ते आवक रजिस्टरमध्ये घेता येण्याजोगं नव्हतं.

कार्यक्रमाला तेव्हा बारा दिवस उरले होते. नंतरच्या सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीशी उभा होतो. मागच्या आवारात काका आले. हातात पाना, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली एक चकती, मधे नीट भोक पाडलेली. ते पंपापाशी उकिडवे बसले. अशा प्रसंगासाठी आपल्या भाषेने नोकरदार माणसाला एकच शब्द दिलाय, कानाडोळा. त्यातला कान हेडफोनमध्ये होताच; मूल्यमापन संपलं तरी हेडफोन परत घेणारा आदेश निघाला नव्हता. डोळ्याचं तेवढं मला बघावं लागलं. मी तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फिरवला. चार मिनिटांनी परत आणला, तर काका निघून गेले होते.

मी हेडफोन काढला. पंप चालू होता, आणि आवाज नव्हता.

तुम्हाला कल्पना येणार नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला आमच्या कार्यालयातलं घड्याळ ऐकू आलं. मग बाईंची लेखणी. मग साहेबांच्या खोलीतून एक बारीक, लयबद्ध आवाज; तो घोरण्याचा होता, हेही पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं.

काकांनी संगीतगृहातला पियानो उरलेल्या दिवसांत लावला. काकू सांगतात की लावून झाल्यावर त्यांनी नादकाटा झाकणावर टेकवला, एक पट्टी दाबली, आणि दोन सूर असे एकमेकांत मिसळले की कोण कुठला हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना. मग ते खुर्चीत बसून थोडे रडले. पियानो लावणारा माणूस याहून जास्त काही मागत नाही.

कार्यक्रमाला सगळं गाव आलं होतं. वादक बसले, पियानोचा पहिला सूर निघाला, आणि सभागृहात चुळबुळ झाली. दुसऱ्या ओळीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "काहीतरी चढं लागलंय, नाही?" मागच्या ओळीतल्या शाळामास्तरांनी कानात बोट घालून हलवलं. मग गायकवृंद उभा राहिला. तीन वर्षं त्यांनी काकांनीच लावलेल्या शाळेतल्या पियानोवर, पंपाच्या सुरात, सराव केलेला. ते आले ते केसभर खालून. सगळं गाव एकीकडे आणि एक पियानो एकीकडे. आणि जिथे सगळं गाव एकीकडे असतं, तिथे बेसूर कोण हे ठरवायला नादकाटा लागत नाही.

मध्यंतरात समितीचे अध्यक्ष काकांजवळ आले. अतिशय प्रेमाने त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "काका," ते म्हणाले, "आता वय झालं."

दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीसमोर रांग होती. मी नोकरीत कधी एवढी रांग पाहिली नव्हती. सगळ्या तक्रारी एकाच विषयावर होत्या: आवाज बंद झालाय.

"शेजारची दोघं भांडतात ते शब्दन् शब्द ऐकू येतं हो. आणि बहुतेक आमच्याबद्दलच असतं!"

"माझं दुकान पंपाच्या आवाजावर बंद करायची सवय. आता सहा वाजले हे कळायचं कसं?"

"माझ्या सासूबाई म्हणतात, 'सूनबाई, तू पुटपुटतेस ते सगळं ऐकू येतं.' मी तीन वर्षं निवांत पुटपुटत होते!"

एकेचाळीस अर्ज आले. एकेचाळीस अर्जांपुढे कार्यालय काय गतीने हलू शकतं, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. त्याच दिवशी पाहणी झाली. पंपाच्या चौथ्या बोल्टाखाली एक अनधिकृत रबरी चकती आढळली. पंचनामा झाला. चकती जप्त झाली. दुपारी तीनला भिंत पुन्हा घुमू लागली, आणि बाहेर रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकांना सुनावणीला बोलावलं. साहेबांच्या समोर दोन कागद होते.

"एक," साहेब म्हणाले, "आपल्या सहीचा. आवाज ऐकू येत नाही म्हणता. दोन, पंचनामा. ज्या बोल्टातून आवाज येतो त्याच बोल्टाखाली आपण चकती घातलीत. ऐकू येत नव्हतं तर बोल्ट सापडला कसा? आणि ऐकू येत होतं तर सही खोटी केलीत का? दोन्हींपैकी एक गुन्हा कबूल करा. निवड आपल्याला दिली आहे."

"साहेब," काका म्हणाले, "आवाज यंत्रामुळे ऐकू येत नव्हता. यंत्र काढल्यावर येत होता."

"यंत्र काढायची परवानगी घेतली होती?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. 'साहेब, तो वायसर होता', एवढंच. चार शब्द. पण माझ्या कानावर हेडफोन होता, आणि तो इतका हलका, की तो आहे हे मी विसरलो होतो असं मला म्हणता येण्याजोगं होतं. मी प्रपत्राच्या दुसऱ्या रकान्याकडे बघत राहिलो.

काकांनी खिशातून नादकाटा काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. "हा जप्त करा," ते म्हणाले. "यात बिघाड आहे. हा कुणाचंच ऐकत नाही."

दार बंद होताना बाहेरून काकूंचा आवाज आला. "झालं ना ऐकून? चला. तुम्हाला कापूस देते कानात घालायला. त्याला प्रपत्र नसतं."

नादकाट्यावरून पुढे थोडा पेच झाला. बाईंच्या यादीत 'नाडी', 'नाणे' होतं, 'नादकाटा' नव्हता. म्हणून वस्तू 'काटा, जेवणाचा, दोन दातांचा' म्हणून नोंदवली गेली. मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाची भेट म्हणून तोच मला मिळाला. चकती मात्र भांडारात सुरक्षित आहे. 'वायसर' हा शब्द तिच्यामुळे यादीत आला, आणि आता कुणालाही रीतसर मागणी करता येते. अर्थात, डझनाच्या खाली नाही.

काकांनी दुकान बंद केलं. गावातले पियानो आता समितीने आणलेला नवा माणूस लावतो. तो आमच्या कार्यालयाच्या भिंतीशी येतो, कान टेकवतो, सूर घेतो आणि जातो. लोक म्हणतात, फार तयारीचा आहे.

कधीकधी दुपारी मी तो काटा गुडघ्यावर आपटतो. परवा बायको आतून ओरडली, "अहो, बंद करा ते बेसूर! फ्रीजशी अजिबात जुळत नाही."

मी थांबून ऐकलं. फ्रीज खरंच गात होता. तेरा वर्षांचा फ्रीज, आणि मला त्या दिवशी कळलं.

तुमच्याही घरात आत्ता काहीतरी घुमतंय. पंखा असेल, फ्रीज असेल, जिन्याखालची मोटर असेल. हे वाचायला लागल्यापासून ते चालू होतं. ऐकू मात्र आत्ता आलं. एखादा हलकासा वायसर कमी असणार कुठेतरी. चार मिनिटांचं काम. पण तुम्ही उठणार नाही, अर्जही देणार नाही. तुम्ही अर्ज कधी देता, ते मी ओळखून आहे. त्या एकेचाळीस अर्जांवर आवकेचा शिक्का मीच मारला, आणि सह्या मी एकेक करून वाचल्या आहेत.